पान सातशे त्रेचाळीस

“गुंडला नरसय्या आणि नरसय्या मास्तर, हे दोन का एकच?” मी विचारलं.

भाई डोळे मिटून आरामखुर्चीत बसले होते. साखरेच्या दुखण्यानं त्यांची नजर गेली त्याला दोन वर्षं झाली होती, तरी विचार करताना ते डोळे मिटायचेच.

“एकच,” ते म्हणाले. “पण चारशेच्या पुढच्या पानांत जो नरसय्या येतो तो वेगळा. तो रिंग खात्यातला, जिथं सूत काततात. त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती.”

“सहा बोटं सूचीत कशी टाकू?”

“कंसात खातं टाक. बोटं नको.”

मी खूण केली आणि पुढचं पान पडद्यावर घेतलं.

ही दोन हजार चार सालची, सोलापुरातली गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं आणि पानं लावायचं काम करायची. लग्नपत्रिका, शाळेची मासिकं, कुणाचा प्रबंध, असलं काम. भाई कुरूलकरांचं पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा मला आनंदापेक्षा धडकीच भरली. सोलापूरच्या गिरणी कामगारांचा इतिहास, छापील अकराशे चौऱ्याऐंशी पानं. भाई आयुष्यभर युनियनमध्ये होते. उतारवयात त्यांनी सोळा वर्षं बसून ते हातानं लिहिलं होतं. नंतर चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेगवेगळ्या फॉन्टांत टाईप केलं, आणि ते सगळं एका साच्यात आणताना निम्मे रफार उडाले, तेही मलाच बसवावे लागले.

त्या सगळ्यावर भाईंचा हट्ट एकच होता. शेवटी नावांची सूची पाहिजे. मी एकदा म्हटलं होतं की एवढ्या मोठ्या पुस्तकाची सूची म्हणजे सहा महिन्यांचं काम आहे, अनुक्रमणिका पुरेशी होईल. त्यावर ते चिडले नाहीत. म्हणाले, “कामगार हे पुस्तक वाचणार नाही, हेमा. तो पाठीमागून उघडणार. आपल्या बापाचं नाव शोधणार, ते पान काढणार आणि तेवढंच वाचणार. तेवढं वाचलं तरी माझी सोळा वर्षं फिटली.”

म्हणून मी रोज सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जायची. तो लॅपटॉप युनियननं या कामापुरता आणून दिला होता. मी मजकूर मोठ्यानं वाचायची, नाव आलं की थांबायची, हा माणूस कोण ते विचारायची आणि त्या नावाला खूण करायची. ही खूण कागदावर छापली जात नाही. पडद्यावर मात्र महिरपी कंसात दिसते, आणि काही दिवसांनी पान असं दिसायला लागतं की मजकूर कुठला आणि कंस कुठला ते कळत नाही. सगळ्या खुणा झाल्या की शेवटी एक आज्ञा द्यायची. मग संगणक सगळी नावं गोळा करून अक्षरांप्रमाणे लावतो आणि पुढं पानांचे आकडे टाकतो. ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा मी सूची काढली तेव्हा एकूण एक आकडा चुकीचा आला, कारण खुणा दिसत्या ठेवूनच मी आज्ञा दिली होती आणि त्यांच्या जागेनं पुस्तक चाळीस पानांनी फुगलं होतं. खुणा आधी लपवायच्या असतात, हे मला तीन दिवस डोकं धरून बसल्यावर समजलं.

आमच्या गल्लीत या पुस्तकाची बातमी होतीच. आमचा भाग पद्मशाली लोकांचा, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा. आमचं एक घर तेवढं मराठी. घरोघरचे पुरुष एके काळी गिरणीत, बायका विड्या वळणाऱ्या. समोर राजव्वा चिप्पा राहायची. माझी आई होती तोपर्यंत दोघी दुपारभर एका ओट्यावर बसायच्या, राजव्वा सुपात तंबाखू घेऊन आणि आई तांदूळ निवडत. मी तिला मावशी म्हणायची. तिचा नवरा मल्लेशम चंद्रभागा मिलमध्ये साचेवाला, म्हणजे माग चालवणारा होता. एकोणऐंशीच्या संपानंतर तो भिवंडीला मागावर कामाला गेला आणि परत आला नाही. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली म्हणतात. मी तेव्हा सहा वर्षांची होते, मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. एवढंच आठवत होतं की त्याचं नाव निघालं की मोठी माणसं आवाज खाली घ्यायची. राजव्वा रोज कपाळभर कुंकू लावायची. पंचवीस वर्षं लावत होती.

मी भाईंकडून परत आले की ती ओट्यावरून, नवऱ्याचं नाव न घेता मुलीच्या नावानं, विचारायची, “श्रीलताच्या बापाचं आलं का?”

“अजून नाही, मावशी. अजून संपापर्यंत पोचले नाही.”

“बघ की जरा. राहू देऊ नकोस.”

दर दोन-चार दिवसांनी हे व्हायचंच. मला तिची माया वाटायची. इतक्या वर्षांत ज्याचा पत्ता नाही त्याचं नाव छापलेलं बघायचं एवढीच तिची इच्छा असणार, असं मी धरून चालले होते. मनात ठरवलंही होतं की तो आला की ते पान तिला वाचून दाखवायचं.

तो सातशे त्रेचाळीस पानावर आला.

मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचत होते. एकोणऐंशीचा मार्च. संपाचा एकशे तिसरा दिवस. पाच पुढारी भूमिगत, साखर पेठेत एका रंगाच्या कारखान्यात लपलेले. बाहेर कामगारांचा आळीपाळीनं पहारा. चौदा तारखेला पहाटे पोलीस येतात, पाचही जणांना पकडतात, आणि पुढच्या आठवड्यात संप मोडतो. आणि मग हे वाक्य: “या जागेची माहिती पहाऱ्यावरील कामगार मल्लेशम चिप्पा याने पोलिसांना दिली, असे नंतर संप समितीच्या निदर्शनास आले. तेरा तारखेच्या रात्री तो पहाऱ्याची जागा सोडून गेला होता व दहाच्या सुमारास पोलीस चौकीत शिपायाशी बोलताना त्याला दोघांनी पाहिले होते.”

मी थांबले.

“वाच पुढं,” भाई म्हणाले.

“भाई, हे नक्की आहे?”

“समितीच्या वहीत आहे.”

“समितीत तुम्ही होता.”

“होतो. पाच जणांच्या सह्या आहेत. चौघं गेले.”

“त्यांना विचारलं होतं का? मल्लेशमना?”

भाईंची सून चहाचा कप ठेवून गेली, तो त्यांनी चाचपून उचलला आणि तसाच परत ठेवला. मग म्हणाले, “संप मोडला तेव्हा लोकांना कारण पाहिजे होतं, हेमा. एकशे दहा दिवस उपाशी राहिलेली माणसं. आम्ही चुकलो, असं कारण त्यांना सांगता येत नव्हतं.”

मी म्हटलं की मग हे वाक्य काढून टाकू. निदान ‘असा संशय होता’ असं तरी करू. त्यांची बायको माझ्या समोर राहते, ती रोज विचारते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण सून दारापर्यंत येऊन परत गेली.

भाईंनी मान हलवली. त्यांचं म्हणणं असं होतं की पुस्तक वह्यांवर उभं आहे. एक वही खोटी म्हटली तर बाकीच्या खऱ्या कशावरून? चार मेलेल्या माणसांच्या सह्यांना एकटा जिवंत राहिलेला आज खोटं पाडणार, तेही पंचवीस वर्षांनी आणि हातात काहीच पुरावा नसताना? त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. ते मनापासून बोलत होते.

मी लॅपटॉप मिटायला लागले तेव्हा ते म्हणाले, “मजकूर माझा आहे. सूची तुझी.”

“म्हणजे?”

“अकराशे पानं कोण वाचतंय? मी तुला सांगितलंच होतं, लोक पाठीमागून उघडतात.”

त्या दिवशी दुपारी घरी येऊन मी फाईल उघडली. वाचण्याच्या ओघात वाक्य संपायच्या आधीच त्या नावाला मी खूण करून बसले होते. ‘चिप्पा, मल्लेशम’, महिरपी कंसात, नावाला चिकटून. मी तो कंस निवडला आणि पुसला. भारनियमनाची वेळ होती, बॅटरी संपत आली होती आणि लॅपटॉप सारखा टिकटिकत होता. खिडकीतून राजव्वा समोर विड्या वळताना दिसत होती. तिनं वर बघितलं तर काय, असं मला वाटलं, पण तिनं बघितलं नाही.

तोपर्यंत सूचीत दोन हजार एकशे सहा नावं झाली होती. मल्लेशम गेल्यावर दोन हजार एकशे पाच राहिली. आपण एका बाईला वाचवलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

पुस्तकाचं प्रकाशन जानेवारीत एका रविवारी सकाळी युनियनच्या हॉलमध्ये झालं. भाषणं फारशी कुणी ऐकली नाहीत. भाई म्हणाले होते तस्संच झालं. ज्याच्या हातात पुस्तक पडलं त्यानं ते उलटं धरून पाठीमागून उघडलं. माणसं बोटानं ओळीमागून ओळ खाली जात होती. एका म्हाताऱ्यानं बापाचं नाव सापडल्यावर ते पान कपाळाला लावलं. मला ओळखत नसलेल्या बायका येऊन माझा हात धरत होत्या.

राजव्वा इरकली नेसून आली होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं, तेलुगूही जेमतेम. तिची मुलगी श्रीलता प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. श्रीलतानं आधी ‘च’ बघितलं. मग ‘म’ बघितलं. मग पुन्हा ‘च’. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, “एवढी नावं आहेत गं. एखादं सुटतं.”

श्रीलतानं तेलुगूत आईला सांगितलं. राजव्वानं पुस्तक तिच्या हातातून घेतलं, दोन्ही हातांनी तोललं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “सुटलं नसंल. आत असंल. वाचू की.”

मला वाटलं, बोलण्याची एक रीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्या वाचायला लागल्या. श्रीलता शाळेतून आली की चहा घेऊन ओट्यावर बसायची आणि मोठ्यानं वाचायची. राजव्वा शेजारी विड्या वळत ऐकायची. रोज दहा पानं, कधी बारा. अवघड मराठी आलं की श्रीलता तेलुगूत सांगायची. सुरुवातीला शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या, मग कंटाळून गेल्या. या दोघी कंटाळल्या नाहीत. माझ्या खोलीत टाईप करत बसलं की श्रीलताचा आवाज येई. शब्द न् शब्द नाही, पण एखादं नाव, एखादं साल ऐकू यायचं, आणि कुठवर आल्या ते मला कळायचं. ते पुस्तक मला पाठच होतं. फेब्रुवारीच्या मध्याला त्या दोनशे ऐंशीवर होत्या. पहिला बोनसचा लढा.

मी एकदा राजव्वाशी बोलले. म्हटलं, मावशी, कशाला एवढं वाचता? श्रीलता दिवसभर शाळेत उभी असते, तिचा घसा बसतो. त्यात तुमच्या कामाचं काय असणार आहे?

“तू तुझं काम केलीस,” ती म्हणाली. “मी माझं करायलेय.”

त्यानंतर मला तिथं बसवेना. पण सांगताही येईना. काय सांगणार होते? पान सांगितलं तर ते लपवलं हे सांगावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की सातशे पानं कुणी वाचत नाही. एप्रिलच्या दहा तारखेला त्या सातशेवीसच्या पुढं गेल्या आणि मी हिशेब करायला लागले की अजून दोन दिवस. मग शाळेच्या परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आणि वाचन थांबलं. तीन आठवडे ओटा रिकामा होता. मी अक्षरशः देवाचे आभार मानले. श्रीलता सुटीत मामाकडं तेलंगणात जाईल, तोवर आईचा नाद सुटेल, असंही मनात आलं.

त्या तीन आठवड्यांत भाई गेले. एप्रिलच्या बावीस तारखेला, दुपारी, झोपेतच. अंत्ययात्रेला सगळं पूर्व सोलापूर होतं. राजव्वाही रस्त्याच्या कडेला उभी होती, मी तिला बघितलं. रडत नव्हती. नुसती बघत होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेला वाचन पुन्हा सुरू झालं. तीन तारखेला संध्याकाळी मी मुद्दाम घराबाहेर पडले आणि सिद्धेश्वर तलावाकाठी अंधार पडेपर्यंत बसून राहिले. परत आले तेव्हा समोर दिवा होता आणि दार लोटलेलं होतं. आवाज नव्हता.

सकाळी आठ वाजता राजव्वा माझ्या दारात आली. ती कधी माझ्या घरात यायची नाही. आई गेल्यावर तर नाहीच. तिच्या काखेत पुस्तक होतं आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कागद. मागं श्रीलता होती, तिचे डोळे सुजलेले.

“सातशे त्रेचाळीस,” राजव्वा म्हणाली.

मी उठून उभी राहिले.

“तू म्हणालीस सुटलं.”

“मी काढलं, मावशी,” मी म्हटलं. “मला ते वाचवेना. तुम्ही ते वाचू नये म्हणून मी नाव काढलं.”

ती आत येऊन खुर्चीवर बसली. पिशवीतला कागद काढून तिनं माझ्या टेबलावर, कीबोर्डवरच ठेवला आणि घडी हळूहळू उलगडली. घड्यांवर तो विरला होता. सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता. शाई तपकिरी झालेली, पण वाचता येत होतं. वर मुलाचं नाव: श्रीनिवास मल्लेशम चिप्पा. वय चौदा महिने. तारीख तेरा मार्च एकोणीसशे एकोणऐंशी, दाखल संध्याकाळी सहा चाळीस. खाली डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेल्या चार ओळी, प्रत्येकीपुढं वेळ. शेवटची पहाटे चारची. तिच्याखाली, सकाळी सात दहाला प्रेत वडिलांनी ताब्यात घेतल्याची सही. मराठीत, शाळकरी अक्षरात.

मी वाचून मान वर केली तशी ती बोलायला लागली. ती हळू बोलत होती, आणि मला वाटतं तिनं हे बोलणं मनात अनेकदा बोलून ठेवलं असणार, कारण ती कुठंच अडखळली नाही.

मुलाला तापानं आकड्या यायला लागल्या तेव्हा ती एकटी होती. तिनं शेजारच्या बाईला पहाऱ्याच्या जागी पाठवलं. तो तसाच धावत आला आणि मूल उचलून दवाखान्यात नेलं. रात्री बाहेरच्या दुकानातून औषध आणायला सांगितलं. दवाखान्याच्या फाटकात पोलीस चौकी आहे, रात्री आत-बाहेर करायचं तर तिथल्या शिपायाला विचारावं लागायचं. तो औषध घेऊन आला तेव्हा शिपाई सोडेना, म्हणून बोलत उभा राहिला. “तिथं बघितलंय त्यांना कुणीतरी,” ती म्हणाली. “पुस्तकात नुसतं चौकी लिवलंय. कुठली चौकी ते लिवलं नाही.”

मूल गेलं हे गल्लीतल्या बायकांना माहीत होतं. संप कसा मोडला ते पुरुषांना माहीत होतं. दोन्ही तारखा कुणी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. मल्लेशम समितीकडं गेला होता. पहारा का सोडलास, एवढंच त्यांनी विचारलं. पोरगं मेलं म्हणायला त्याचं तोंड उघडलं नाही, कारण जागा सोडायची नाही ही शपथ होती आणि ती त्यानं मोडली होती. नंतर टपरीवर त्याच्या शेजारचा माणूस उठून जायला लागला. दीड महिन्यानं तो भिवंडीला गेला.

“मी भाईंकडं गेलते,” राजव्वा म्हणाली. “हाच कागद घेऊन. ते म्हणाले, वहिनी, असं कुणी म्हणत नाही. तुम्ही मनात आणू नका. आता कुणी म्हणतच नाही म्हटल्यावर कागद कुणाला दाखवू? जिथं जाईल तिथं हेच. तोंडानं कुणी कबूल होईना. मग ऐकलं की भाई पुस्तक लिवायलेत, सगळं लिवायलेत. म्हटलं, आता लिवतील. छापलं की नाही म्हणता येत नाही. पान उघडून त्यांच्या म्होरं ठेवीन आणि त्यावर हा कागद ठेवीन.”

तिनं कागदाची घडी पुन्हा घातली. मग म्हणाली, “जानेवारीत ते जिवंत होते.”

“मावशी, मी तुमच्यासाठी केलं.”

“मला विचारलीस का?”

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. श्रीलता भिंतीकडं तोंड करून उभी होती.

त्याच दिवशी मी त्या दोघींना घेऊन युनियनच्या ऑफिसात गेले. भाईंच्या जागी हत्तुरे म्हणून सेक्रेटरी आले होते, भला माणूस. त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला, राजव्वाला पाणी दिलं. मग म्हणाले की भाईंच्या पुस्तकात आता कुणी हात घालायचा? समितीतलं कुणी राहिलं नाही. भाई असते तर एका मिनिटाचं काम होतं, त्यांनी सही केली असती की दुरुस्तीची चिठ्ठी छापून टाकली असती. आता त्यांच्यामागं त्यांचं वाक्य खोटं म्हटलं तर लोक म्हणतील, म्हातारा गेला आणि हे सुरू झाले. पुस्तकं वाचनालयांत गेलीत. पुढच्या आवृत्तीत बघू. मग मी, कागदाची झेरॉक्स काढून ठेवू का, असं विचारलं, तर राजव्वानं तो छातीशी धरला. “हा मी हातातनं सोडणार नाही,” ती म्हणाली. तिनं विश्वास ठेवावा असं त्या खोलीत कुणी नव्हतं, मी तर नव्हतेच.

दुसरी आवृत्ती निघाली नाही. अकराशे चौऱ्याऐंशी पानांच्या पुस्तकाची निघत नसते.

त्या संध्याकाळी मी फाईल काढून सातशे त्रेचाळीसवर गेले आणि नावाला परत खूण केली. सूची पुन्हा काढली. ‘चिप्पा, मल्लेशम’ आपल्या जागी येऊन बसलं. ते बघणारी मी एकटीच होते.

राजव्वा आणखी तीन वर्षं जगली. माझ्याशी बोलायची, अबोला धरला नाही. पाणी आलं का, गॅस आला का, एवढं विचारायची. उरलेलं पुस्तक त्यांनी वाचलं नाही. गेली तेव्हाही तिच्या कपाळावर कुंकू होतं. सवाष्ण म्हणून न्यायचं की नाही यावर तिच्या भावकीत वाद झाला. शेवटी श्रीलता म्हणाली तसं झालं, सवाष्ण म्हणून नेली.

त्यालाही नऊ वर्षं झाल्यावर कामगार चळवळीवरचं एक नवं पुस्तक माझ्या हाती आलं. बाहेरच्या एका विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापिकेचं, मेहनतीनं केलेलं. तिनं भाईंचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, हे प्रत्येक तळटीपेतून कळत होतं. मी पाठीमागून उघडलं. सूची नीट होती, माझ्यापेक्षा चांगली. ‘च’मध्ये तिसरी ओळ: ‘चिप्पा, मल्लेशम (फितुरी), २१८’.

मी त्या बाईंना पत्र लिहिलं. त्यांनी आठवडाभरात उत्तर दिलं, अतिशय आदरानं. अशी माहिती त्यांना महत्त्वाची वाटते, दवाखान्याच्या त्या कागदाची प्रत पाठवली तर पुढच्या आवृत्तीत त्या नक्की नोंद घेतील.

पत्र घेऊन मी समोर गेले. श्रीलता तेव्हा मुख्याध्यापिका झाली होती. तिनं पत्र वाचलं, पुस्तकातली ती ओळ बघितली, दोनशे अठरावं पान काढून तेही वाचलं.

“कागद आहे ना तुझ्याकडं?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“आईला नेलं तेव्हा तिच्या अंगावर ठेवला होता. तिनंच सांगून ठेवलेलं. तिथं भाई भेटतील, म्हणाली.”

तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, आणि आत जाऊन तिनं दिवा लावला.